रिबिनीचा डबा

रोज सकाळी थोरल्या मुलीची वेणी घालायला बसली की पौर्णिमा आधी रिबिनीचा डबा उघडायची. लाल रिबिनीखालून पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट काढायचं, एक गोळी जिभेवर ठेवायची, पाण्याशिवाय गिळायची आणि मग फणी हातात घ्यायची. पोरीची पाठ तिच्याकडे असे. पोरीला काही कळत नसे.

जुन्या गावात पाकीट मातीच्या भिंतीतल्या देवळीत असायचं, दिव्यामागं. गाव धरणात गेलं आणि अमरावतीच्या रस्त्यालगतच्या माळावर, पत्र्याच्या एका खोलीत, पाच माणसं आली. पत्र्याला देवळी नसते.

दुसऱ्या बाळंतपणात तिचं फार रक्त गेलं होतं. "आता तिसरं नको, जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हा नवऱ्यानं, नितेशनं, मान हलवली होती. ऑपरेशनचं काढलं की मात्र म्हणे, "मायले इचार."

मायला विचारण्यात अर्थ नव्हता. पुनर्वसनाचे प्लॉट वाटले, त्यात शेजारच्या चंद्रभानच्या तीन जाणत्या पोरांच्या नावानं तीन प्लॉट निघाले, आणि तेव्हापासून सासूची, गंगूबाईची, झोप उडाली होती.

"पोट्टे असते तं आपलेई निंगाले असते."

"आता झालं तरी त्याले कोन देते, आत्याबाई? वाटून झाले ना प्लॉट."

"पुढच्या धरणाले कामी येईन."

पौर्णिमाला हसू आलं. सासू हसली नाही.

नव्या वस्तीला अजून आशाताई नेमलेली नव्हती. जुन्या गावच्या आशाताईनं, माधवीताईनं, निरोप देताना दिलेली चार पाकिटं, तेवढीच शिल्लक. एके दिवशी पौर्णिमा टँकरच्या रांगेत अडकली. शाळेला उशीर होतो म्हणून सासूनंच वेणी घालायला घेतली. पौर्णिमा हंडा घेऊन परतली तेव्हा पाकिटं चुलीत होती.

कुणी हात उचलला नाही. नितेश एवढंच म्हणाला, "मले सांगतलं असतं तं."

"सांगतलं होतं. डाक्टरीणबाईनं. तुमच्यासमोर."

श्रावणात तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात, सकाळीच, अंगावरून रक्त जायला लागलं. खडीच्या रस्त्यानं ऑटो दवाखान्यात पोहोचेस्तोवर फार वेळ झाला. मूल वाचलं, मुलगीच होती. पौर्णिमा वाचली नाही.

त्या सकाळी पौर्णिमा ऑटोत बसली तेव्हा थोरली दारात उभी होती, डबा हातात धरून, केस मोकळे.

"आज आजीच्या हातून घालून घे," पौर्णिमा म्हणाली. "अन् रिबीन घट बांध म्हना तिले, शाळेत सुटते."