कुलपातलं पाणी
ओल्या चुन्याचा वास आला की शिरूर कासारजवळच्या वस्तीवरचा तो दुष्काळी उन्हाळा आठवतो. सरकारनं बांधून, चुना मारून दिलेले नवे संडास वापरा, असं सांगत मी घरोघर फिरत होते. “लई ऊन हाय, आधी पाणी प्या,” म्हणत एका मावशीनं चक्क संडासाचंच कुलूप काढलं. आत भांड्यावर फळी, फळीवर टँकरच्या पाण्याचा झाकलेला हंडा. “घराला दार न्हाई, पाणी चोरीला जातं. कुलूप लागतंय ते ह्यालाच,” मावशी म्हणाली, “आता तुमीच सांगा बाई, हे पाणी प्यावं का ह्यात वतावं?” पाणी गार होतं, मी प्याले. आता घरी फ्लश ओढला की तिचा हंडा खळखळत वाहून जातो, आणि उत्तर अजून सुचत नाही.