माटोळीची गाठ

करंगळी ब्रेकच्या नळीखाली घालायची, हलकेच ओढायची आणि म्हणायचं, "हलता." डिचोलीच्या खाणीवरच्या त्या फिटरचं एवढंच बोलणं. दुसऱ्याचं काम बघून "बरं झालं" म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नाही. तो आता नाही, म्हणून मी त्याच्याबद्दल गोड बोलेन असं समजू नका. माझं त्याच्याशी कधी पटलं नाही.

मी त्याच खाणीच्या कचेरीत कारकून. भंगारातल्या जीपचा सांगाडा आणून घरच्या अंगणात मी गाडी उभी केली. दोन वर्षं खपलो. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या दिवशी गावात मिरवणूक होती, आणि गाडी तिच्यात पहिल्यांदा बाहेर काढायची होती. पुढे मी, शेजारी माझी आठ वर्षांची मुलगी, मागे वाड्यावरची पाच-सहा पोरं. देवळाकडून बाजारात उतरणारा तो उभा उतार तुम्हाला ठाऊक असेलच.

सकाळी नारळ फोडायला माणसं जमली, तेवढ्यात हा आला. कुणी बोलावलं नव्हतं. सरळ गाडीखाली शिरला.

"हलता."

मी म्हटलं, "घट्ट बांधलीय."

"ह्यां काय बांधलंस? माटोळी?"

लोक हसले. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतो ती माटोळी बांधण्यात वाड्यावर माझा हात धरणारा कुणी नव्हता. बारीक तारेला दोन पीळ, की नारळाचा घड झुलेल पण पडणार नाही. ब्रेकची नळीही मी तशीच बांधली होती, आणि मला तिचा अभिमान होता.

"माटोळी झुलली तर बरी दिसता. नळी हलता म्हणजे झिजता. आणि झिजली काय पाय तळाक जातलो, ब्रेक लागाचो नाय." मग त्यानं माझ्या मुलीकडे बघितलं. "ह्यां चेडू बसतला मा हेच्यात?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यानं खिशातून पक्कड काढली आणि माझ्या तारा कटाकट कापल्या. सगळ्या! नळी खाली लोंबायला लागली. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. त्यानं हात पुसले आणि चालता झाला. मिरवणूक वाजतगाजत गेली, आणि माझी पोर नवा फ्रॉक घालून पायरीवर रडत बसली. ते रडणं मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोप्यावर एक डबा ठेवलेला दिसला. आत पत्र्याच्या क्लिपा, प्रत्येकीला आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं. मी तो डबा अंगणात भिरकावला.

मग त्याला खोटं पाडायचं म्हणून मी नळी सोडवून सोप्यावर आणली. मागच्या चाकाजवळ, जिथं माझा पीळ होता, तिथं नख अडकलं. अंगणात इंजिन चालवून बघितलं तेवढ्यातच तार नळीत रुतली होती. फुंकर मारून बघितली, तर तिथूनच हवा येत होती.

नवी नळी घातली, अंगणातल्या क्लिपा वेचल्या आणि वीतभर अंतरावर एकेक बसवली. लोकांना सांगितलं, माझीच कल्पना. महिन्याभरानं तो वाटेत थांबला, गाडीखाली वाकला आणि करंगळी घालून ओढलं.

"हलणा नाय," म्हणाला. चहा विचारला तर थांबला नाही. खरं सांगायचं तर मी तो धड विचारलाही नव्हता.

पुढे तो निवृत्त होऊन सावंतवाडीकडच्या आपल्या गावी गेला. परवा तिकडून कुणीतरी सांगितलं, गेला म्हणून. मुलगी तेव्हा केरीला जायला तीच गाडी काढत होती. तिला थांबवून मी गाडीखाली शिरलो आणि एकेका क्लिपेशी करंगळीनं नळी ओढून बघितली. एक तरी हलावी, त्याला शिवी द्यायला कारण मिळावं, असं फार वाटत होतं. एकही हलली नाही.

"बाबा, काय झालं?" मुलीनं वरून विचारलं.

मला रडू येत होतं, आणि त्याचाही मला त्या माणसावर राग आला.