‘नाही’ म्हण

परवा कपाटात जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली आणि माझाच मला संताप आला. भिसेगावच्या महादूची, माझ्या ढोलकीवाल्या मित्राची मुलाखत. माझं पहिलंच चित्रीकरण.

मांडीवरच्या ढोलकीवर बोटं चाळवत तो म्हणाला, “आमी बापाकडनं शिकलो. क्लास नाय लावला.”

मी कॅमेरा थांबवला. “आम्ही म्हण. नाही म्हण.”

घरी मीही ‘नाय’च म्हणायचो, पण कॅमेऱ्यामागे उभा राहिलो आणि शहाणा झालो. दर वाक्याला अडवलं त्याला. शेवटी तो पाठ केल्यासारखं बोलायला लागला. बोटंही थांबली. मी खूश.

महादू आता नाही. काल त्याच्या बायकोला ती मुलाखत दाखवली. बराच वेळ बघून ती म्हणाली, “ढोलकीवर हात ह्यांचाच हाय, भावजी. पन बोलतोय कोन?”