सारखीच दोन घड्याळं

माझे सासरे न्यायी माणूस. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो. त्यांना दोन मुली, म्हणून दोन जावई, आणि दोघांना जे द्यायचं ते एकसारखंच द्यायचं, हा त्यांचा कायदा. एकाच ताग्यातलं शर्टाचं कापड, एकाच रंगाचे टॉवेल, एकाच मापाच्या टोप्या. माझं डोकं मोठं, साडूचं लहान, तरी टोपी एकाच मापाची. ती मला डोक्यावर नुसती ठेवावी लागते. पण बोलायची सोय नाही. लोक म्हणतात, असा सासरा मिळायला नशीब लागतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा इकडचाच, मंगरूळकडचा, पण नोकरी पुण्याच्या कंपनीत. दिसायला देखणा, बोलणं हळू, आणि हातात आयफोन. मी कारंज्यात कृषी केंद्र चालवतो. बियाणं, खत, फवारणीची औषधं. माझा फोन अँड्रॉइड, त्यात अर्ध्या तालुक्यातल्या सोयाबीनच्या पानांचे फोटो. पानावर ठिपका दिसला की शेतकरी पहिले मला फोटो टाकतो, मग जेवतो. त्या फोनबद्दल माझी काडीची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती धोंड्याच्या महिन्यात.

त्याआधी एक सांगून टाकतो. मामाजी, म्हणजे सासरे, धनजला राहतात. कारंज्याहून गाडीनं अर्ध्या तासाची वाट. त्यामुळे विहिरीवरची मोटर जळली, फोन मला. म्हैस आटली, फोन मला. डोळ्याचं ऑपरेशन, अकोल्याला नेणं-आणणं, सगळं मी. साडूला फोन कधीच नाही, कारण ‘ते कामात असतीन.’ अन् मी काय दुकानात माशा मारतो? बायकोला मी कितीदा विचारलं, मी या घरचा जावई आहे की वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालदार? ती म्हणायची, मग जाऊ नका. आणि मी गाडीला किक मारायचो.

तर धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो तो अधिक महिना, जावयांना जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचं ताट द्यायचं. आम्ही दोघं पाटावर शेजारी शेजारी बसलो. मामाजींनी ताटं आणली. अनारशांच्या शेजारी दोन्ही ताटांत एकेक पांढरी डबी. बाकी लोक अंगठी देतात, मामाजींनी स्मार्टवॉच दिलं. कल्पना साळीची, म्हणजे साडूच्या बायकोची, तिनंच पुण्याहून आणलेली. मामाजींची अट एकच होती, दोन्ही घड्याळं सारखी पाहिजेत. रंगसुद्धा सारखा. पट्टासुद्धा.

साडूनं आपलं घड्याळ फोनजवळ नेलं. घड्याळाच्या काचेवर ठिपक्यांचा गोळा फिरायला लागला, त्यानं फोनचा कॅमेरा त्यावर धरला, आणि झालं. दोघांची ओळख पटली. मग त्यानं ते घड्याळ मामाजींच्या मनगटावर बांधलं आणि त्यांच्या छातीचे ठोके सगळ्यांना काढून दाखवले. मामाजी लहान पोरासारखे हसले. शेजारपाजारचे पाहायला आले. सासूबाईंनीही हात पुढं केला. मी माझं घड्याळ माझ्या फोनजवळ नेलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. त्यावर नुसतं आयफोनचं चित्र. जवळ आणा म्हणे. कोणाचा आणू?

मी म्हटलं, घरी जाऊन निवांत लावतो. साडूनं एक नजर माझ्या फोनकडं टाकली आणि काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला जास्त लागलं. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी कारंज्यातल्या मोबाईलवाल्याकडं गेलो. त्यानं घड्याळ हातात घेतलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी ते कुठून उचलून आणलंय. म्हणाला, हे घड्याळ फक्त आयफोनसंगच चालते, अँड्रॉइडशी त्याचं नातंच नाही. दुसरं कोणतंही आणलं असतं तर तुमच्या फोनला जोडून दिलं असतं, बाजारात ढिगानं आहेत, पण याला इलाज नाही. एक तर फोन बदला, नाहीतर घड्याळ. फोन बदलायचा म्हणजे सगळा धंदा इकडून तिकडं न्यायचा. आणि एका घड्याळासाठी? पण खोटं कशाला बोलू, त्या काचेच्या कपाटातल्या आयफोनकडं मी बराच वेळ पाहत उभा होतो.

बायको म्हणाली, बाबांना सांगू, बदलून आणतील. मी तिला गळ्याची शपथ घातली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? धाकट्याच्या फोनला चाललं आणि मोठ्याचा फोन हलका निघाला, असंच ना? तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“तुमचं घड्याळ चालत नाही म्हणून नाही,” ती म्हणाली, “त्याचं चालते म्हणून पोट दुखून राह्यलं तुमचं.”

दुखत होतंच. का दुखू नये? आमचा घरचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर साडू रोज संध्याकाळी आपल्या चालण्याची रंगीत गोल वर्तुळं टाकायला लागला. मामाजी त्याला हात जोडून पाठवायचे, सासूबाई फूल पाठवायच्या. एसीतल्या ऑफिसातून उठून बागेत दोन चकरा मारतो, त्याला फूल. मी दिवसभर खताची पोती मोजत उभा असतो, मला काय, तर धनजला येताना दोऱ्याचं बंडल आणा. मामाजी ग्रुपवर विचारायचे, मोठे जावई, तुमचे गोल कुठं आहेत? मी लिहायचो, हंगाम सुरू आहे.

धनजला जाताना मात्र मी ते घड्याळ बांधूनच जायचो. न बांधावं तर मामाजींना वाईट वाटेल, आणि बांधावं तर ते मेलेलं. पूर्ण बाहीचा शर्ट घालायचो. एकदा सासूबाईंनी वेळ विचारली. मी बाही वर करून मनगटाकडं पाहिल्यासारखं केलं आणि भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सांगितली. बायको चहा गाळत होती, हसू दाबताना तिच्या हातातली गाळणी हलली.

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती तेव्हाची गोष्ट. सकाळी दुकान उघडत होतो आणि मामाजींचा फोन आला. नेहमीसारखं मोटरचं काही असेल म्हणून मी उचलताना तोंड वाकडं केलं. ते एवढंच म्हणाले की छातीत कसंतरी होऊन राह्यलं, येता का. शेजारच्याची कार मागितली आणि निघालो. अर्ध्या तासाची वाट मी किती वेळात कापली, मला आठवत नाही.

मामाजी ओसरीतल्या खाटेवर बसले होते. घामानं बंडी ओली. मला पाहताच त्यांनी उजवा हात पुढं केला.

“तुमचं घड्याळ बांधा मले,” ते म्हणाले. “ठोके किती हायेत पाहा.”

घड्याळ माझ्या मनगटावर होतं. धनजला निघालो की ते बांधायची सवयच लागली होती, इतक्या घाईतही ते मी गल्ल्यातून काढून बांधलं होतं. त्यांना औषध नको होतं, डॉक्टर नको होता, त्यांना पहिले तो आकडा पाहिजे होता, कारण धोंड्याच्या जेवणाला तो आकडा पाहून ते हसले होते. आणि माझ्याकडं आकडा नव्हता.

“मामाजी, हे चालत नाही,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून नाही चालत. माह्या फोनले ते जमत नाही.”

मग मी त्यांना काखेत धरून उठवलं आणि गाडीत घातलं. सासूबाई मागं बसल्या. रस्ताभर माझा एक हात स्टेअरिंगवर आणि दुसरा त्यांच्या मनगटावर. मला नाडीतलं काही कळत नाही. नुसतं लागतंय एवढं कळत होतं, तेवढ्यावर मी कारंजा गाठलं.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. ठोके मधूनमधून चुकतात, गोळी चालू करू, वेळेवर आणलं, असं म्हणाले. बायकोनं सगळं ग्रुपवर टाकलं, मी रस्ताभर त्यांचा हात धरून होतो हेसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मामाजींना धनजला घेऊन आलो, तर साडूची गाडी दारात उभी. पुण्याहून साळीला घेऊन तडक आला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. मला म्हणाला, बरं झालं भाऊ तुमी होते. मी मान हलवली. आतून मी फुगलो होतो, कशाला लपवू.

मामाजी खाटेवर टेकले, पाणी प्यायले आणि मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं. म्हणाले, घड्याळं काढा. आधी माझं घेतलं. मग साडूपुढं हात केला. साळीला काही कळेना, तिनं विचारलं, बाबा, यांचं तर चांगलं चालू आहे, यांचं काहून? मामाजी म्हणाले, एकाचं चालते अन् एकाचं चालत नाही, असं माह्या घरात चालत नाही. मोठ्या जावयानं पाच महिने मेलेलं घड्याळ हातात वागवलं माह्यासाठी. आता दोघायलेही नको.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पाच महिने मी मनातल्या मनात हेच मागितलं होतं, की त्याच्या हातातून ते निघावं. साडूनं मान खाली घालून पट्टा सोडला. मनगटावर पट्ट्याच्या रुंदीचा गोरा पट्टा राहिला होता. राहू द्या मामाजी, त्याचा काय दोष, एवढं बोलायला मला काही खर्च नव्हता. पण माझी जीभ हलली नाही. बायको माझ्याकडं पाहत होती, मी तिच्याकडं पाहिलं नाही.

साडूनं घड्याळ मामाजींच्या हातात ठेवलं, पण हात मागं घेतला नाही.

“घ्या मामाजी,” तो म्हणाला. “पण सारखंच द्याचं असन त फोनही दोघायले करा. मले ग्रुपवर वाचून समजलं. तुमाले काही झालं की तुमाले भाऊच आठवते. मी इतक्या वर्षांत कधीच नाही आठवलो.”

साळी पदराशी चाळा करत बसली. मी त्याच्याकडं पाहिलं, आणि मला दिसलं की हा माणूस माझ्यावर जळतोय. माझ्यावर. माझ्या मोटरीवर, म्हशीवर, अकोल्याच्या चकरांवर. मामाजींच्या ज्या फोनच्या नावानं मी इतकी वर्षं बोटं मोडली, त्या फोनवर.

मामाजींनी त्याचा हात दाबला. “बरोबर हाय तुमचं,” ते म्हणाले. “चुकलं माह्यं. आता दोघायलेही करीन.”

तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं ते घड्याळानं कधी दुखलं नव्हतं. घड्याळ घे बापा, दोन्ही घे, आयफोन घे, ग्रुपवरची फुलं घे. पण हा फोन? तो तर माझा होता.

“तुमी पुण्याहून येऊन करसान काय?” मी म्हटलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “येतपर्यंत सगळं होऊन जाते.”

साडू रागावला नाही. हळूच म्हणाला, “तुमी तरी काय केलं भाऊ? हातच धरला ना?”

मामाजींचा एक हात अजून त्याच्या हातात होता. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो आणि त्यांचा दुसरा हात धरला.