होल्डवरचा राजा

भोपाळ स्टेशनवर बाबांनी माझी नवी सूटकेस बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. आधी झाकण, मग चाकांजवळ. "बिजागरी टिकायची नाही," म्हणाले. मी ऑपेरा शिकायला अमेरिकेला निघालो होतो, आई पदर डोळ्यांना लावून उभी होती, आणि हा माणूस बिजागरी बघत होता! फार राग आला मला. बिजागरी पुढे दिल्लीच्या विमानतळावरच तुटली, हे मात्र मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

बाबा गोविंदपुऱ्याजवळच्या सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. ओतीव भाग साखळीला टांगायचा, लहान हातोडीने ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर खडूने 'पास'. बद्द वाजला तर आत चीर, 'रिजेक्ट'. शंका असली तर 'होल्ड' आणि कोपऱ्यात. घरी आले तरी तेच. माठ, टरबूज, नवा शेजारी, सगळं ठोकून बघायचे. कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी पंधराव्या वर्षी गायलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "वरच्या सुरापाशी चीर आहे."

ऑपेरा म्हणजे अथपासून इतिपर्यंत गायलेलं नाटक, आणि माझा आवाज भारदस्त, खालच्या पट्टीतला, ज्याला इथे अमेरिकेत बॅरिटोन म्हणतात. असल्या आवाजाला राजे, बाप आणि खलनायक मिळतात. मला त्यांतलं काहीच मिळालं नाही, मला 'कव्हर' मिळालं. म्हणजे राजाची सगळी भूमिका पाठ करायची आणि थिएटरजवळ तयार बसायचं. मुख्य गायकाचा घसा बसला तर तुम्ही राजा, नाहीतर कोट घाला आणि घरी जा. आमच्या राजाचा घसा काही बसेना. मी रोज त्याची चौकशी करायचो, आणि मला वाटतं त्यालाही माझा संशय होता.

एकदा पोशाखाचं माप घेताना मी झगा-मुकुटात फोटो काढून घेतला आणि घरी पाठवला. मागे लिहिलं, मुख्य भूमिकेत. आठवड्याने बाबांचा फोन आला. "झगा मागून टाचण्यांनी आवळलाय. पायात तुझे रोजचे बूट आहेत. खरं सांग, तू गातोस की नुसता तयार बसतोस?"

"गातो," मी म्हणालो.

फोटोला फ्रेम झाली नाही. आईने नंतर सांगितलं, तो कपाटात ठेवलाय, मागे पेन्सिलीने 'होल्ड' लिहून. पुढे बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, कोलार रोडला फ्लॅट झाला. फोटोतला राजाही त्यांच्याबरोबर तिकडे गेला, तसाच होल्डवर. आणि दर रविवारी फोन ठेवता ठेवता बाबा विचारत, "बूट मिळाले का रे?" ह्यांना सगळं कळलंय आणि मुद्दाम छळतायत, की खरंच बुटांची काळजी आहे, मला कधी ठरवता आलं नाही.

माझाही स्वभाव असाच होत गेला. इथे सगळेच 'वंडरफुल' म्हणतात, लिफ्टचं दार धरणाऱ्यालाही. कुणी माझ्या आवाजाची तारीफ केली की मला वाटायचं, ह्याला काय हवंय? घरी एकदा खोटं बोललो आणि साऱ्या जगाचा भरवसा उडाला.

गेल्या हिवाळ्यात राजाचा घसा एकदाचा बसला. मी उभा राहिलो. बूटसुद्धा त्याचेच मिळाले, एक नंबर मोठे, पुढे कागद कोंबलेले. गायलो. आणि वरच्या सुरापाशी ती चीर वाजली, जी इथल्या मास्तरांनी दहा वर्षं घासून काढायची धडपड केली होती. कुणीतरी घेतलेला व्हिडिओ मी भोपाळला पाठवला. चार दिवस काहीच नाही. मग फोन आला.

"दाढी खोटी, तोंडाला रंग. आवाज काय, कुणाचाही जोडता येतो," बाबा म्हणाले. "पण वरच्या सुरापाशी चीर आहे. तूच आहेस."

मी सांगून टाकलं, "बाबा, त्या जुन्या फोटोत मी गात नव्हतो. मी खोटं बोललो."

"माहीत आहे. रिजेक्ट करायचा असता तर केव्हाच फाडला असता."

"आणि हे? हे पास?"

"फोनवर ऐकून मी सही करत नाही. समोर ये."

आईने फोन घेतला आणि हळूच सांगितलं, दोन वर्षं झाली, ह्यांना कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही. फोनवर तू बोलतोस ते मीच वहीत लिहून दाखवते. कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात पडलंय, राजाच्या शेजारी.

वसाहतीत वाढलेल्यांनो, तिथेच राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, टाळ्या कुठेही मिळतात हो. आपल्याला ठोकून बघणारं माणूस ज्या दाराआड बसलंय, ते घर. मी तिकीट काढलंय. त्यांच्या कानाशी उभा राहून गाणार आहे. चीर तिथे असणार हे सांगायला त्यांना व्हिडिओ ऐकायची गरजच नव्हती. जन्मात पहिल्यांदा बाबांनी न ऐकताच माल ओळखला, असा मला दाट संशय आहे.