तेराचा नऊ झाला तेव्हा

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे वहिनीच म्हणत. नवरा तिथे फिटर होता. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्याने घराच्या ओट्यावर सायकली दुरुस्त करायला घेतल्या, आणि वहिनी देखभाल विभागात साफसफाईला लागली.

साबणाची भुकटी कुठेही शिरते. वहिनी शनिवारी, वीज बंद असताना, मोटारी चालवणाऱ्या डब्यांची झाकणं उघडून ब्रशने ती झाडायची. असे चोवीस डबे एकाच केबलवर होते. केबलवरून आलेला हुकूम सगळ्यांना ऐकू जायचा, पण ज्याचा नंबर पुकारला त्यानेच ओ द्यायची. हा नंबर आतल्या तांदळाएवढ्या बटणांवर ठरे. वायरमन काकांनी तिला एकदा समजावलं होतं, "पहिलं बटण म्हणजे एक, मग दोन, चार, आठ, सोळा. वर असतील त्यांची बेरीज करायची."

"एवढंच?" वहिनी म्हणाली होती. तेव्हापासून झाडता झाडता बेरजा करायचा तिला नादच लागला.

त्या सोमवारी कारखाना सुरूच होईना. तेरा नंबरची मोटार गप्प, आणि नऊ नंबरची मध्येच चाले, मध्येच थांबे. शनिवारी काकांनी केबलचा एक तुकडा बदलला होता, त्यामुळे खापर त्यांच्यावर फुटलं.

"काका, जोड कच्चा राहिलाय तुमचा," इंजिनिअर सर्वांसमोर म्हणाला.

"साहेब, दोनदा तपासलाय."

"मग तिसऱ्यांदा तपासा!"

दुपारपर्यंत काकांनी नवीन केबल पुन्हा उपसली. वहिनी जेवायला बसली खरी, पण डोक्यात बेरीज सुरू झाली. तेरा म्हणजे आठ, चार आणि एक. त्यातला चार पडला तर उरतात नऊ! आणि शनिवारी तेराव्या डब्यात भुकटीचा खडा चिकटला होता, तो तिने ब्रशच्या दांड्याने खरवडला होता.

जेवणाचा डबा तसाच सोडून ती उठली. वीज बंद करवून घेतली आणि झाकण उघडलं. तिसरं बटण खाली होतं. नखाने वर केलं असतं तर काम झालं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. नोकरी जायची भीती होतीच. पण पलीकडे काका घामाघूम होऊन केबलशी झटत होते. तिने बटणाला हात लावला नाही. थेट इंजिनिअरला बोलावून आणलं.

"साहेब, काकांची चूक नाही. माझा ब्रश लागला. दोन डब्यांचा नंबर नऊ झालाय, म्हणून दोघं एकदम बोलतायत."

इंजिनिअर वाकून बघतच राहिला. "हे तुम्हाला कळलं कसं?"

"बेरीज केली."

त्याने बटण वर केलं, वीज चालू करवली, आणि साबणाच्या वड्या पट्ट्यावरून सरकू लागल्या. मग तो तिच्यावर रागावला, रागवायलाच हवं होतं. पण काकांची माफी त्याने सर्वांसमोर मागितली. काका वहिनीला एवढंच म्हणाले, "पोरी, जेवून घे आता."

महिन्याभरात डब्यांचे नंबर तपासायचं काम वहिनीकडेच आलं. पुढे नवे डबे आले की बटणंही तीच लावू लागली. आधी कागदावर बेरीज, मग बटण, आणि झाकण लावण्याआधी एक फोटो, ही तिची पद्धत.

घरी तिने ही बढती सांगितली तेव्हा नवरा चाकाची तार ताणत होता. "म्हणजे आता मोटारीही तुला विचारून हलणार? बरं झालं. इतके दिवस मी एकटाच होतो."

यंदा कारखान्यात नवीन विभाग निघाला. एकतीस डबे, सगळे तिच्या हातचे. वीज दिली आणि संगणकाच्या पडद्यावर एकतीस हिरवे ठिपके एकामागून एक उजळले. एकही मागे राहिला नाही. वहिनी त्या दिवशी कँटीनमध्ये पाय पसरून बसली आणि सावकाश दोन कप चहा प्यायली.