आजीचा तोडा आणि फुप्फुसाचं प्रेशर

घोट्यात रुतलेला चांदीचा तोडा काही केल्या हलेना, आणि वरून आयसीयूचा फोन वाजत होता.

मी सानपाड्याच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय. शाळा चौथीपर्यंत. पण अंगावरचा दागिना उतरवावा तर मीच, हे सगळा स्टाफ जाणतो. साबणाचं पाणी आणि प्लॅस्टिकची पिशवी, बस. कटर मी कधी मागितला नाही.

पेशंट म्हणजे घणसोली गावातली नव्वदी पार केलेली आजी. दम लागलेला, पाय सुजून खांब झालेले. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली होती. फुप्फुसाचं प्रेशर बरंच वाढलेलं. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते हे नव्हे. हृदयातून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या नळीतलं हे प्रेशर. ते वाढलं की हृदयाची उजवी बाजू दमते आणि पाणी पायात साचतं.

"आयसीयूत दागिना चालत नाय, आजी," मी म्हणालो. "मोकळा सोड पाय."

"माज्या सासूनी घातलाय. माना चितेवर जालशील तवा काड."

"आये, गप बस ना," तिचा म्हातारा मुलगा रडकुंडीला आला होता. "मॅडम, वाचंल ना ती?"

डॉक्टर मॅडम खुर्ची ओढून आजीजवळ बसल्या. "या वयात हे प्रेशर वाढलं की धोका असतो. खोटं नाही सांगणार. पण ऑक्सिजन ठीक आहे, बोलणं ठणठणीत आहे. आजी, जेवता काय?"

"भाकर नि सुकट. खारवलेली."

"रोज?"

"मग काय उपास करू? जलम मिठागरात गेला माजा."

मॅडम हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काका, तोडा राहू द्या. वॉर्डात घेऊ. लघवीतून पाणी काढायचं इंजेक्शन देते. मीठ बंद, तेच पाणी धरून ठेवतं."

मला राग आला. आणखी एक हिसका दिला असता तर निघाला असता, असं मी बोललोसुद्धा.

"कातडं निघालं असतं, काका," मॅडम म्हणाल्या.

वॉर्डात आजीनं सुकटीवरून नर्सला शिव्या घातल्या, पण अळणी भात गिळला. हळूहळू सूज ओसरली. दमही कमी झाला. मुलगा घरी घेऊन गेला.

पुढं ती तपासणीला आली, काठी टेकत, स्वतःच्या पायानं. एकोत प्रेशर थोडं उतरलेलं, तरी जास्तच. मॅडमनी मुलाला तेही स्पष्ट सांगितलं.

आजीनं मला हाक मारली आणि पाय पुढं केला. "तुला काडाचा होता ना? काड."

तोडा बोटानं गरगर फिरला. साबण न लावता टाचेवरून निघून हातात आला. चांगला वजनदार होता.

"बगलास? आता घाल परत."

घातला. खाली बसून, दोन्ही हातांनी.

कटर मी आजही वापरत नाही. पण सुजलेल्या पायाशी आता हुज्जतही घालत नाही. आधी मॅडमना विचारतो, पाणी कधी उतरेल.